वडसा जवळ, नागपूर दूर

शंकेखोर : सर, कॉलेजच्या भिंतीवर ‘उद्योजक बना’ असा फलक दिसला की माझा हात आपोआप खिशावर जातो. पूर्वी पोरगं बी.ए. होऊन घरी बसलं की सरकारला विचारता यायचं, बाबा, नोकरी कुठं आहे? आता सरकारच पोराला विचारतं, तुझा धंदा कुठं आहे? ही अदलाबदल इतकी गुपचूप झाली की कोणी मोर्चासुद्धा काढला नाही. २०१६च्या जानेवारीत स्टार्टअप इंडिया आलं. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानं नवोपक्रमासाठी वेगळ्या संचालकाची सोय केली. २०१९ला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, २०२२ला स्टार्टअप यात्रा. एवढं सगळं होऊन लाखांदूर तालुक्यातली पोरं करतात काय? रोवणीला घरी, हिवाळ्यात पोलीस भरतीसाठी सडकेवर धावणं, आणि ते जमलं नाही तर नागपूर-पुण्याला ठेकेदाराच्या हाताखाली. आता तुम्ही म्हणता, शेजारच्या जिल्ह्यांशी आणि राज्यांशी हातमिळवणी करा. आधी घरचं तर मार्गी लागू द्या.

उत्साही : भाऊ, घर कशाला म्हणायचं तेच आधी ठरवू. नकाशा काढून पाहा. लाखांदूर भंडारा जिल्ह्याच्या पार शेवटच्या कोपऱ्यात. एका अंगाला गोंदियाचा अर्जुनी-मोरगाव, खाली गडचिरोलीचं देसाईगंज म्हणजे आपलं वडसा, आणि वैनगंगेपलीकडे चंद्रपूरची ब्रह्मपुरी. गोंदिया जिल्हा १९९९चा. त्याआधी अर्जुनी आपल्याच जिल्ह्यात होता. गडचिरोली १९८२चा. म्हणजे या रेषा तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत आखल्या गेल्या. सोयरिकींनी त्या मानल्या नाहीत, बाजारानं मानल्या नाहीत, धानानं तर नाहीच नाही. आगगाडी धरायची तर आपण वडशालाच जातो. रेषा मानल्या त्या फक्त कचेऱ्यांनी. भंडारा जिल्ह्यातली कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठ जुनं, १९२३चं, पण इथून शंभरावर किलोमीटर दूर. वडसा-ब्रह्मपुरीची कॉलेजं गोंडवाना विद्यापीठाची, ते २०११ला निघालं आणि गडचिरोली आपल्याला नागपूरपेक्षा जवळ. तिथलं पीक आपलं, जंगल आपलं, बोली आपलीच झाडी. त्या विद्यापीठात वनोपजावर, बांबूवर काम करणारं विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्र आहे. आपल्या पोरीला मोहफुलाचं काही करून पाहायचं असेल तर तिनं तिथं जावं की नागपूरला? कागद म्हणतो नागपूरला. मी म्हणतो, दोन्ही विद्यापीठांचा करार करून हा कागद बदला.

शंकेखोर : कागद बदलून भागलं असतं तर आपण केव्हाच पुढं गेलो असतो. रेषा फक्त कचेऱ्यांनी मानल्या म्हणता, ते मला पटत नाही. रेषेवर पोट भरणारेही आहेत. छत्तीसगडात २०२३च्या निवडणुकीनंतर सरकार धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये देतं, एकरी २१ क्विंटलपर्यंत. आपल्याकडे २०२४-२५च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव २३०० होता. वरून दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी वीस हजारांचा बोनस. आता बांधी तीच, पाऊस तोच, पण गोंदियातल्या देवरीच्या पलीकडे गेलं की बोनस सोडून क्विंटलमागे आठशेचा फरक पडायचा. मग रात्री ट्रक निघतात, पलीकडचे पोलीस पकडतात, थोडे सुटतातही. सीमेपारचं सहकार्य म्हणाल तर ते जोरात चालू आहे, सर! त्याला विद्यापीठाची गरज पडली नाही. आणि हा व्यापार कोणाच्या हातात आहे? ज्याच्याकडे ट्रक आहे, गोदाम आहे, दोन्हीकडे ओळख आहे त्याच्या. दोन एकरवाल्याचा धान तो खळ्यावरूनच उचलतो, तोही पडत्या भावात. सीमा जितकी मोठी तितका मधल्या माणसाचा फायदा. तुम्ही ती उघडली तरी पहिला आत शिरेल तो तोच, बी.कॉम.ची पोरगी नव्हे.

उत्साही : हा आक्षेप मी सोडून देणार नाही, पण तो धानाच्या भावाचा आहे. भाव सरकार ठरवतं, म्हणून फरकही सरकारच तयार करतं आणि त्या फरकावर दलाल जगतो. माझं बोलणं आहे धानाच्या पुढच्या कामाबद्दल. गोंदियाला राइस सिटी म्हणतात ते तिथल्या मिलांमुळे. छत्तीसगडातलं भाटापारा पोह्यांसाठी नावाजलेलं. धान पिकवण्यात आपण कोणाला हार जात नाही; पवनी-लाखांदूरच्या चौरास पट्ट्यातली जमीन आणि भूजल पाहून बाहेरचा शेतकरी हेवा करतो. मग पोहे, मुरमुरे, कोंड्याचं तेल, तणसाचं काही, यातलं नवं इथं का निघत नाही? कारण शिकलेला माणूस आणि मिल यांची गाठच पडत नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे, त्याला श्रेयांक आहेत. पोरं ते कुठं करतात? झेरॉक्सच्या दुकानात, नातेवाइकाच्या पतसंस्थेत. सही-शिक्क्यापुरतं. चार तालुक्यांच्या कॉलेजांनी एकत्र येऊन वडशाच्या राइस मिलमध्ये, अर्जुनीच्या तलावावर, ब्रह्मपुरीच्या बाजार समितीत मुलांना बसवलं तर सहा महिन्यांत त्यांना कळेल की पैसा कुठं गळतो. धंदा करायचा तर गळती कळावी लागते. व्याख्यानातून ती कळत नाही, माझ्या व्याख्यानातून तर नाहीच.

शंकेखोर : माझीही भरडाई आहे, तुम्हाला माहीत आहे. तुमची मुलं मी बसवून घेईन, चहाही पाजेन. पण पैसा कुठं गळतो ते सांगणार नाही. कोणता मिलवाला सांगेल? सरकारी भरडाईत उतारा किती धरायचा, कोंडा कोणाला द्यायचा, कोणता व्यापारी उधारी बुडवत नाही, हेच तर माझं भांडवल. ते तुमच्या पोराला दिलं आणि उद्या त्यानं शेजारी छोटं यंत्र टाकलं, तर मी काय करू?

(शंकेखोर इथं प्रामाणिक आहे, आणि उद्योजकतेच्या कार्यशाळांत ही गोष्ट कोणी बोलत नाही. तिथं प्रत्येक जुना उद्योजक नव्याला हात द्यायला उत्सुक असतो, निदान माईक हातात असेपर्यंत.)

उत्साही : मग मी अशा धंद्याकडे बोट दाखवतो ज्यात गुपित फारसं नाही. झाडीपट्टीची रंगभूमी. वडसा तिचं बाजारपेठेचं गाव. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत चार जिल्ह्यांत रात्ररात्र नाटकं. कंपन्यांची कार्यालयं वडशात. नाटक ठरवायला गावंच्या गावं तिथं येतात. भंडाऱ्याचं गाव, गडचिरोलीची कंपनी, चंद्रपूरचा नट, गोंदियाचा पेटीवाला. यात कोणता जिल्हा, कोणतं विद्यापीठ? या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ला पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईला कळलं की असं काही आहे. सरकारी योजना नाही, कर्जमेळावा नाही, तरी उलाढाल कोट्यवधीची. आणि मला कलेपेक्षाही त्यातला हिशेब मोलाचा वाटतो. नाटक बसवणारी कंपनी वेगळी, ते गावात आणणारं मंडळ वेगळं. मंडळ म्हणजे गावची पंधरा-वीस पोरं. तीच कंपनीला बयाणा देतात, मंडप ठोकतात, तिकिटं खपवतात. पाऊस आला, शेजारच्या गावानं त्याच रात्री मोठ्या नावाचं नाटक लावलं, तर तोटा. तो तोटा ती आपसात वाटून घेतात. पुढच्या वर्षी पुन्हा उभी. यातली कितीतरी कॉलेजची पोरं आहेत, भाऊ. आपण त्यांना उद्योजकता शिकवायला निघालो, आणि ती दर हिवाळ्यात ती करून दाखवतात.

शंकेखोर : आता तुम्ही माझ्या अंगणात आलात. मी स्वतः मंडळात होतो. तोटा वाटून घेतला जातो हे खरं, पण का वाटून घेतला जातो ते सांगा. एक म्हणजे तो लहान असतो. प्रत्येकाच्या वाट्याला जे येतं ते धान विकून फिटतं. दुसरं, गावची इज्जत असते, मंडई सुनी गेली असं कोणाला ऐकायचं नसतं. तिसरं, ते एका रात्रीचं काम आहे. सकाळी मंडप सुटला की हिशेब मिटला. धंदा असा नसतो. पोहे मिलच्या यंत्राचा हप्ता होळीला संपत नाही. आणि तुमची रंगभूमी किती नाजूक आहे तेही बोला. २०१४ला शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद झाले, ते पुन्हा सुरू व्हायला २०२१चा डिसेंबर उजाडला. पटाच्या निमित्तानं लागणारी नाटकं तेवढी वर्षं अडखळली. करोनात तर हंगामच गेला. नट मंडळी उरलेले महिने काय करतात? रोवणी आणि कापणी. नाटकाचा नफा त्यांना बारा महिने पोसत नाही. तुम्हाला विद्यार्थ्यांचं आयुष्य असंच हवंय का, चार महिने उद्योजक आणि आठ महिने मजूर?

उत्साही : मला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे : तोटा आला तर तो एकट्याच्या डोक्यावर न पडणं. आपल्या योजना याच्या बरोबर उलट बांधलेल्या आहेत. मुख्यमंत्री रोजगार निर्मितीत ग्रामीण भागातल्या बाईला ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, आकडा चांगला. पण कर्ज बहुतेकदा एकटीच्या नावावर, अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत अडकलेली, प्रस्ताव जिल्हा उद्योग केंद्राचा आणि ते केंद्र जिल्ह्याबाहेर पाहत नाही. चार तालुक्यांतल्या पाच पोरींनी मिळून काही काढायचं तर त्यांची गाडी कागदावरच चार कचेऱ्यांत अडकते. जगात हे वेगळं झालेलं आहे. नेदरलँडच्या पूर्व सीमेवर एन्स्खेडे नावाचं शहर, कापडगिरण्यांचं. गिरण्या बुडायला लागल्या. तिथं १९६१ला तंत्रविद्यापीठ काढलं, ट्वेन्टे. जर्मनीची हद्द हाताशी. त्या पट्ट्यातल्या दोन्ही देशांच्या नगरपालिका १९५८पासून एका संघात होत्या, युरोपातला असला पहिला संघ. ट्वेन्टेनं १९८४ला एक साधी योजना काढली : पदवी घेतलेल्याला एक वर्ष जागा, बिनव्याजी कर्ज आणि मार्गदर्शनाला एक जाणता माणूस. बस. त्यातून शेकडो कंपन्या निघाल्या. सीमेवरचं, बुडत्या उद्योगाचं गाव, तरी निघाल्या.

शंकेखोर : आणि त्या शहरातून निघालेल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं काय झालं? मीही थोडं वाचतो, सर. जगभरातल्या हॉटेलांच्या खोल्या विकणारी बुकिंग डॉट कॉम. १९९६ला एन्स्खेडेतच सुरू झाली, ट्वेन्टेत शिकलेल्या माणसानं केली. आज तिचं मुख्य ठाणं आम्स्टरडॅममध्ये. मोठी झाली आणि निघून गेली. युरोपात रस्ते, रेल्वे, पैसा सगळं असून जर यशस्वी पोरगं राजधानीला जातं, तर लाखांदूरचं यशस्वी पोरगं कुठं जाईल? तुम्ही शिकवाल, जागा द्याल, तोटाही वाटून घ्याल. आणि ज्याला नफा झाला तो नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेईल. त्याला दोष देता येणार नाही. शेजारच्या साकोली तालुक्यात मुंडीपारला भेलचा प्रकल्प येणार म्हणून २०१३ला भूमिपूजन झालं. कारखाना आला नाही. मोठे येत नाहीत आणि लहान मोठे होऊन जातात, मग प्रदेशाचा विकास म्हणजे नेमका कोणाचा?

उत्साही : म्हणून मी अशाच गोष्टींवर भर देतो ज्या उचलून नेता येत नाहीत. बुकिंगला फक्त टेबल आणि तार लागत होती. चिन्नोर तांदूळ हिंगण्यात पिकत नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही मिळालं. दोन्ही वैनगंगेच्याच खोऱ्यातले. नदी शिवनीत उगवते, बालाघाटातून आपल्याकडे येते. बावनथडीच्या धरणाचं पाणी आणि खर्च दोन राज्यांनी वाटून घेतला, तर सुवासिक तांदळाची बाजारपेठ का नाही वाटून घेता येणार? बालाघाट आणि भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांनी मिळून बियाण्याची शुद्धता तपासावी, शेतकऱ्यांचे गट नोंदवावेत, एका पिशवीवर दोन्ही खूणचिठ्ठ्या छापाव्यात. हे काम पदवीच्या मुलाला झेपतं आणि ते इथंच राहून करावं लागतं.

शंकेखोर : बावनथडीचं नाव घेतलंत, आता तिला किती दशकं लागली तेही मोजा. आणि मानांकनाची गंमत अशी की ते मुळात कुंपण आहे. मध्य प्रदेशला विचारा : बासमतीच्या मानांकनात त्यांचे जिल्हे धरले नाहीत, म्हणून ते राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेच राज्य चिन्नोरला मात्र ‘बालाघाट’ नाव लावून घेतं. कुंपणाच्या बाहेर असलेल्याला सहकार्य हवं असतं, आत असलेल्याला नको असतं. दोन खूणचिठ्ठ्या एका पिशवीवर छापायला पहिला विरोध तुमचे भंडाऱ्याचेच शेतकरी करतील, आणि त्यांचं चुकणार नाही. बरं, कुंपण नसेल तर काय होतं तेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. १९८३ला शेतात वेगळी लोंबी दिसली, ती जपली, वर्षानुवर्षं निवडत गेला. त्यातून एचएमटी तांदूळ झाला. बियाणं चार जिल्हेच काय, राज्याराज्यांत गेलं, कुठलाही करार नाही, कुठलाही परवाना नाही. तुम्हाला हवं तसं सीमेपारचं सहकार्य, अगदी शुद्ध! मग कृषी विद्यापीठानं त्याच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ला पीकेव्ही एचएमटी म्हणून वाण काढलं. फोर्ब्सनं २०१०ला त्याचं नाव ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घातलं. २०१८ला तो माणूस हलाखीत गेला. तांदूळ सगळ्या सीमा ओलांडून गेला; पैसा एकही सीमा ओलांडून परत आला नाही.

उत्साही : दादाजींचं उदाहरण माझ्या विरोधात जातं हे मान्य. पण ते नेमकं कशाच्या विरोधात जातं ते पाहू या. त्यांच्याकडे कल्पना होती, चिकाटी होती, बाजारही मिळाला. नव्हता तो हिशेब ठेवणारा, नोंदणी करणारा, विद्यापीठानं दार ठोठावलं तेव्हा ‘आधी करार’ म्हणणारा शेजारी. शेतकऱ्याच्या वाणाला हक्क देणारा कायदा २००१ला आला, त्यांच्यासाठी उशिरा. मला वाटतं कॉलेजची पोरं ती जागा घेऊ शकतात. त्यांनी शोधक व्हायची घाई करू नये, आधी अशा माणसाचे भागीदार व्हावं. नांदेड चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणून भंडाऱ्याच्या पोरानं तिकडं फिरकू नये, हा नियम मला मोडायचा आहे.

शंकेखोर : इथं आपण जवळ आलो, म्हणून आता नीट भांडू. तुम्ही म्हणता, जे उचलून नेता येत नाही त्यात काम करा : तांदूळ, तलाव, जंगल, नाटक. कबूल. पण जे हलत नाही त्याला आधीच मालक असतो. बांधीला सातबारा आहे. मिलला मी आहे. मालगुजारी तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्यानं जातात, आणि संस्थेचं सभासदत्व सहजासहजी कोणाला मिळत नाही, खुद्द ढिवर समाजातल्या पोरींनाही नाही. तुमच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी किती जणांच्या नावावर काय आहे? बापाच्या नावावर असेल, आजोबाच्या असेल, मुलींच्या बाबतीत तर बोलूच नका. बँक तारण मागते, पोरांकडे गुणपत्रिका. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याजवळ जे आहे, त्याची अक्कल आणि त्याचे पाय, ते दोन्ही हलणारं. आणि प्रदेशाचं जे आहे ते न हलणारं, दुसऱ्याच्या मालकीचं. मग पोरगं पुण्याला जातं, यात नवल काय? सीमा जिल्ह्यांमधली नाहीच, सर. ती माझ्यात आणि त्याच्यात आहे.

उत्साही : मग विद्यापीठांच्या करारानं काही होणार नाही असंच म्हणायचं?

शंकेखोर : श्रेयांक जमा होतील. वडशाला मुलं जातील, येतील. ते वाईट नाही. पण तुम्ही विकास म्हणताय.

उत्साही : समजा, ठराव विद्यापीठाऐवजी मच्छीमार संस्थेच्या आणि धान गिरणीवाल्यांच्या आमसभेत मांडला. कॉलेजमधून आलेल्या गटाला तीन वर्षांसाठी हिस्सा द्या : एका बोडीचा ठेका, मिलमधली एक पाळी, बियाण्यासाठी अर्धा एकर. नफ्यात वाटा, तोट्यातही वाटा. गट एका तालुक्याचा नको, चारही तालुक्यांचा हवा. म्हणजे एका गावाच्या रागालोभावर तो मोडणार नाही. कॉलेज हिशेब तपासेल.

शंकेखोर : आणि तोट्यातला माझा वाटा कोण भरेल? नाटकात गावाची इज्जत होती, म्हणून आम्ही खिशातून घातले. ब्रह्मपुरीच्या पोरासाठी लाखांदूरचा मिलवाला खिशात हात का घालेल? त्याची मंडई सुनी गेली तर मला काय?

उत्साही : त्याच मंडईत तुमच्या मिलची पाटी लागते. ब्रह्मपुरीचा धान तुमच्याकडे भरडायला येतो.

शंकेखोर : येतो. त्याचा भाव मी पाडून घेतो, तेही लिहा तुमच्या ठरावात. मांडा ठराव, मी पहिल्या रांगेत बसून विरोधात बोलेन. पण विरोधात मत देण्याआधी मला दोन आकडे हवेत : बुडाले तर माझे किती बुडतील, आणि तीन वर्षांनी गट उठून गेला तर यंत्र कोणाकडे राहील. हे दोन आकडे आणल्याशिवाय मला ‘सहकार्य’ म्हणू नका.

उत्साही : पहिला आकडा काढता येईल. दुसऱ्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही.